ताशी ८० किलोमीटरनंतर स्टेअरिंग थरथरते: कमी चाललेल्या जुन्या गाडीत दोष कुठे शोधावा?

फोंड्याचा प्रवासी (प्रश्न)

नमस्कार. गेल्या फेब्रुवारीत मी २०१८ सालची, पेट्रोलवर चालणारी एक लहान हॅचबॅक गाडी विकत घेतली. आधीचे मालक बोटीवर नोकरीला असल्यामुळे वर्षातले सात-आठ महिने गाडी गोव्यात सासष्टीतल्या त्यांच्या समुद्राजवळच्या घरी पत्र्याच्या शेडखाली उभी असे, आणि त्यामुळे सात वर्षांत ती केवळ २९ हजार किलोमीटर चालली होती. आकडा पाहून मला फार समाधान वाटले. गाडी पाहायला गेलो तेव्हा गावातल्या अरुंद वाटेवर दोन-तीन किलोमीटर चालवून पाहिली आणि व्यवहार पक्का केला. माझे रोजचे जाणे-येणे फोंड्याहून बोरीच्या पुलावरून वेर्ण्यापर्यंत आहे, आणि त्या वाटेवर वेग साठच्या पुढे क्वचितच जातो. त्यामुळे पहिला दीड महिना काहीच जाणवले नाही.

एप्रिलमध्ये सावंतवाडीला जाताना म्हापशाच्या पुढे, पत्रादेवीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, प्रथमच ताशी ८० किलोमीटरचा वेग ओलांडला आणि स्टेअरिंग थरथरू लागले. ७० पर्यंत गाडी शांत असते, ८० ला हाताला झिणझिण्या आल्यासारखे वाटते, ९० ते ९५ च्या दरम्यान आतला आरसासुद्धा थरथरतो, आणि १०० च्या पुढे ही थरथर थोडी कमी होते. याशिवाय ८० च्या वेगातून ब्रेक दाबला की स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलते आणि पायाखाली पेडल ठोके दिल्यासारखे वर-खाली होते. सकाळी गाडी काढल्यावर पहिले काही किलोमीटर धप-धप असा आवाज येतो, तो पुढे पुष्कळसा कमी होतो. जागेवर उभ्या गाडीत मात्र एसी चालू असला तरी काहीही थरथरत नाही, आणि सरळ रस्त्यावर गाडी कुठल्याही बाजूला ओढत नाही.

आजवर दोन ठिकाणी व्हील बॅलन्सिंग आणि तीन वेळा अलाइनमेंट करून घेतले आहे; फरक नाममात्र आहे. टायर कंपनीतून आलेलेच आहेत, माप १६५/८० आर १४, आणि नक्षी जवळजवळ नवीसारखी असल्यामुळे ते बदलण्याची गरज नाही असे मला एका ठिकाणी सांगण्यात आले. दुसऱ्या एका मेकॅनिकने स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचे वळण चाकांपर्यंत नेणारा दांडा) आणि दोन्ही लोअर आर्म (चाकांना खालून धरणारे दांडे) बदलावे लागतील असे सांगून २२ हजार रुपयांचा अंदाज दिला आहे. खर्चाला माझी ना नाही, परंतु आईला दर पंधरवड्याला बांबोळीच्या इस्पितळात न्यावे लागते, आणि पैसे देऊनही गाडी तशीच राहिली तर माझ्यापुढे दुसरा मार्ग उरणार नाही. सुटे भाग बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कसे ठरवावे, आणि तोपर्यंत गाडी चालवणे सुरक्षित आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

म्हापशाचा वाचक

माझ्या जुन्या गाडीत हाच त्रास होता आणि चारही टायर बदलल्यावर तो गेला. सात वर्षांचे टायर नक्षी कितीही खोल असली तरी जुनेच म्हणायचे, कारण रबर कडक झालेले असते आणि पावसात ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी पडते. तेव्हा फार तपास न करता टायर बदलावेत आणि सोबत पुन्हा एकदा अलाइनमेंट करून घ्यावे, असे माझे मत आहे. रॅकचा खर्च मात्र एवढ्यात करू नये.

निवृत्त यंत्रशिक्षक, मडगाव

आपण लक्षणे फार नीट लिहिली आहेत, आणि निम्मे निदान त्यातच आहे. म्हापशाच्या वाचकांचा सल्ला टायरच्या वयाबद्दल योग्य आहे. पण तपास न करता टायर बदलू नयेत अशी माझी विनंती आहे, कारण रिम वाकलेली असेल तर त्याच रिमवर चढवलेला नवा टायरही थरथरेल आणि मग नवा टायर खराब निघाला असा समज होईल.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या गाडीत एक नव्हे, दोन वेगळे दोष असावेत. ब्रेक न दाबता ८० ते १०० मध्ये होणारी थरथर चाकाची आहे, आणि ब्रेक दाबल्यावर होणारी ब्रेक डिस्कची, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेकचे पॅड जिला दाबतात त्या चकतीची, आहे. दोन्ही एकाच स्टेअरिंगवर हाताला जाणवतात म्हणून त्यांचा एकच दोष मानला जातो, एक उपाय केला जातो, दुसरा दोष शिल्लक राहतो, आणि केलेला उपाय चुकीचा होता असे वाटून मनुष्य भलत्याच भागाकडे वळतो. म्हणून पुढची प्रत्येक चाचणी ब्रेकला पाय न लावता एकदा आणि ब्रेक दाबून एकदा अशी वेगवेगळी करावी व कागदावर नोंदवावी.

आता चाकाविषयी. १६५/८० आर १४ या टायरचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर आणि परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर; म्हणजे चाक सेकंदाला सुमारे १३ फेरे घेते. चाकाच्या कडेशी, मध्यापासून १८ सेंटिमीटरवर, फक्त २० ग्रॅम वजन जास्त असले तर या वेगाला ते चाकाला जवळजवळ अडीच किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढते, आणि ही ओढ सेकंदाला १३ वेळा संपूर्ण फिरते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते, त्यामुळे ४५ च्या वेगाला ती जेमतेम ६०० ग्रॅमची राहते आणि हाताला कळतही नाही. वेर्ण्याच्या वाटेवर आपल्याला काही जाणवले नाही याचे कारण हेच आहे. १०० च्या पुढे थरथर कमी होते याचेही कारण आहे. चाक, आर्म, रबरी बूश आणि स्टेअरिंग यांच्या साखळीला स्वतःचा एक झोका असतो, आणि झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकलले की तो उंच जातो तसे चाकाचे धक्के त्या लयीशी जुळतात तेव्हा थरथर सर्वांत मोठी होते; वेग त्यापुढे गेला की लय मोडते. जोर नाहीसा झालेला नसतो. त्यामुळे १०० च्या वर चालवून त्रास टाळण्याचा प्रयत्न कृपया करू नये.

अलाइनमेंटचा या थरथरीशी संबंध नाही, हे मी आग्रहाने लिहितो, कारण आपण तीन वेळा पैसे दिले आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाके कोणत्या कोनात उभी आहेत याची मांडणी. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग तिरके राहते किंवा टायरची एक कड लवकर झिजते. आपली गाडी सरळ जाते. ते काम झालेले आहे असे समजून बाजूला ठेवावे.

मग दोन वेळा बॅलन्सिंग करूनही फरक का पडला नाही? बॅलन्सिंगचे मशीन वजनाची वाटणी पाहते. चाक गोल आहे की नाही हे ते सांगत नाही. टायरला एका जागी चपटेपणा असेल किंवा रिमची कड वाकलेली असेल, तर शिशाचे तुकडे लावून पडद्यावर दोन्ही बाजूंना शून्य आणता येते. परंतु रस्त्यावर त्या चाकाचा गोलपणा बिघडलेलाच राहतो आणि प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देतो. आपल्याला सकाळी ऐकू येणारी धप-धप ही माझ्या मते याचीच खूण आहे. गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबून राहतो. रात्रभराचा चपटेपणा वीस-तीस किलोमीटर चालल्यावर टायर तापून निघून जातो, पण हवा कमी असलेल्या टायरवर गाडी अनेक महिने उभी राहिली तर तो कायमचा राहतो. आपण ज्या २९ हजारांच्या आकड्याने समाधानी झालात, त्याच आकड्यात हा दोष दडलेला असावा. आपल्याकडे बोटीवर आणि परदेशी असणाऱ्यांच्या कितीतरी गाड्या अशा उभ्या असतात, आणि विकत घेणारा फक्त मीटर पाहतो.

आता चाचण्या. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी चाचणी म्हणजे चाकांची अदलाबदल. पुढची दोन्ही चाके त्याच बाजूला मागे लावावीत, मागची पुढे आणावीत, आणि कोरड्या, मोकळ्या महामार्गावर वेगमर्यादा पाळून पुन्हा ८० ते ९५ मध्ये पाहावे. थरथर स्टेअरिंगमधून जाऊन सीटखाली किंवा पायाखालच्या पत्र्यात गेली, तर दोष चाकांत आहे आणि रॅकचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. स्टेअरिंग पूर्वीइतकेच थरथरत राहिले, तर दोष हबकडे (चाक ज्यावर बसते तो मधला भाग), एक्सलकडे किंवा आर्मकडे शोधावा. चाके बदलूनही निष्कर्ष संदिग्ध राहिला तर एका वेळी एकच चाक काढून त्या जागी स्टेपनी लावून पाहावी. मात्र स्टेपनी त्याच मापाची असेल तरच.

दुसरी चाचणी गोलपणाची. चाक जमिनीपासून उचलून टायरच्या नक्षीजवळ, पण न टेकता, एखादी पट्टी किंवा पेन्सिल विटेवर पक्की ठेवावी आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. टोक आणि टायर यांमधली फट कुठे वाढते, कुठे घटते ते डोळ्यांना दिसते. नंतर तेच रिमच्या कडेशी, बाहेरून आणि आतून, दोन्हीकडे करावे. आतली कड बहुतेक जण पाहतच नाहीत, आणि खड्ड्यात आदळलेली रिम बहुधा आतूनच वाकलेली असते. टायरचा गोलपणा साधारण दीड मिलिमीटरहून अधिक चुकत असेल, तर तो टायर पुढे लावू नये.

तिसरी गोष्ट, पुढच्या वेळी बॅलन्सिंगला जाल तेव्हा स्वतः उभे राहून करून घ्यावे. चाकाच्या आतल्या बाजूला लागलेला चिखल आधी खरवडून काढायला सांगावा. आपल्याकडची तांबडी माती पावसाळ्यात रिममध्ये बसली की वाळून खडीसारखी घट्ट होते आणि तिचे वजन शिशाच्या तुकड्यांपेक्षा जास्त भरते. जुनी शिशे काढल्यानंतरच मोजणी सुरू व्हावी. शून्य आल्यावर चाक मशीनच्या दांड्यावर सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करायला आणि पुन्हा मोजायला सांगावे. चाक मध्यावर नीट बसले असेल तर शून्यच राहते. आकडा एकदम वाढला तर चाक दांड्यावर वाकडे बसत आहे आणि आधीचे शून्य खोटे होते.

रॅकबद्दल एवढेच, की रॅक, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि बूश हे चाक, आर्म व स्टेअरिंग यांना जोडणारे भाग झिजले तर थरथर अधिक प्रमाणात हातापर्यंत पोहोचते, पण वेगाबरोबर सुरू होऊन पुढे कमी होणारी अशी थरथर ते स्वतः निर्माण करत नाहीत. ते तपासावेत जरूर, मात्र तपासल्याशिवाय बदलू नयेत.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा उत्पादनाचा शिक्काही पाहून कळवावा. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. कुठे फुगवटा दिसला किंवा नक्षीचा एखादा भाग वर उचललेला वाटला, तर त्या टायरवर गाडी मुळीच चालवू नये. आतले धाग्यांचे थर तुटू किंवा सुटू लागल्याची ती खूण असते आणि असा टायर वेगात फुटतो. तसे काही नसेल, तर तपास होईपर्यंत ६० च्या आत, ब्रेकला पुरेसे अंतर ठेवून बांबोळीपर्यंत जाण्यास हरकत नसावी.

डिचोलीचा गॅरेजवाला

सरांनी चाकाचे सर्व सांगितले आहे, मी ब्रेकचे आणि हबचे सांगतो.

पेडल ठोके देते आणि स्टेअरिंग हलते तेव्हा डिस्क वाकली असे आम्ही सगळेच पटकन म्हणतो. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. ०.०२ मिलिमीटरच्या आसपासचा फरकसुद्धा पायाला कळतो. समुद्राजवळ उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास होते. गाडी धुऊन किंवा पावसातून आणून ओल्या डिस्कनेच उभी केली जाते, पॅड डिस्कच्या एका भागाला चिकटून राहतो, खारी हवा बाकीच्या भागावर एक प्रकारे गंज चढवते आणि पॅडखाली वेगळ्या प्रकारे. गाडी पुन्हा चालू लागली की वरचा गंज घासून जातो, परंतु पॅडच्या आकाराचा डाग तसाच राहतो. चाक काढून डिस्ककडे तिरपे पाहिले तर हा डाग डोळ्यांना दिसतो.

त्याहून जास्त वेळा मी जे पाहतो आणि जे कोणी पाहत नाही, ते म्हणजे हब आणि डिस्क यांच्या मधला गंज. डिस्क ज्या सपाट भागावर टेकते तिथे गंजाची पापडी धरते. ती एका बाजूला ०.१ मिलिमीटर जाड असली तरी डिस्कच्या बाहेरच्या कडेला तिची डगमग साधारण दुप्पट होते. अशी डिस्क प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथे पातळ होते. याच कारणाने पुष्कळ गाड्यांत नवी डिस्क टाकूनही तीन-चार महिन्यांनी थरथर परत येते. हब साफ न करता डिस्क बदलणे म्हणजे काम अर्धे करणे आहे. तारेच्या ब्रशने हबचा चेहरा, डिस्कची आतली बाजू आणि रिम टेकते ती जागा, तिन्ही चकचकीत होईपर्यंत घासून घ्यावे, आणि हे करत असताना ग्रीस किंवा तेल डिस्कच्या घासणाऱ्या भागाला लागू देऊ नये.

डिस्क नवी घ्यायची की मशीनवर घासून सपाट करून घ्यायची, हे जाडीवर ठरते. कमीत कमी जाडी किती चालते तो आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. घासल्यानंतर जाडी त्याच्या वर राहत असेल तर घासणे चालते. गंजाचे खड्डे खोल असतील तर नवी जोडीच घ्यावी. एका बाजूची एकटी डिस्क बदलू नये.

चाकाचे नट हासुद्धा मोठा विषय आहे. हवेच्या बंदुकीने एक नट पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर चाक हबवर किंचित तिरके बसते, आणि डिस्कवर असमान ताण येतो. चाक हवेत असताना चारही नट हाताने बसवावेत, समोरासमोरच्या क्रमाने हलके आवळावेत, चाक जमिनीला टेकल्यावर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने पूर्ण करावेत, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.

आर्म आणि जॉइंट तपासताना एकाने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने उचललेले चाक वर-खाली धरून हलवावे. ब्रेक दाबल्यावरही खेळ राहिला तर बॉल जॉइंट किंवा बूश. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅकचा आतला जॉइंट. बेअरिंग गेलेले असेल तर वेगाबरोबर घुमणारा आवाजही येतो आणि वळणावर तो कमी-जास्त होतो.

एक कळकळीची सूचना. घरी गाडी उचलणार असाल तर फक्त गाडीसोबत मिळालेल्या जॅकवर विसंबून हात खाली घालू नये, आणि आधाराला चिरा (जांभा दगड) तर कधीच ठेवू नये. आपल्याकडे अंगणात चिरे असतातच, म्हणून लोक तेच वापरतात. भिजलेला किंवा जुना चिरा वजनाखाली अचानक भुगा होतो. पोलादी स्टँड नसेल तर हे काम गॅरेजमध्येच करावे.

फोंड्याचा प्रवासी

आपणा सर्वांच्या सूचनांप्रमाणे तीन रविवार तपास केला, आणि जे आढळले ते क्रमाने लिहितो.

चारही टायरवर ०७१८ हा शिक्का आहे, म्हणजे टायर २०१८ च्या सातव्या आठवड्यातले आहेत. पुढची चाके मागे लावल्यावर स्टेअरिंगची थरथर चारातले तीन हिस्से कमी झाली आणि मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या भावाला ती पायाखाली जाणवू लागली. म्हणजे दोष चाकांत होता. पेन्सिलीच्या चाचणीत मुळात पुढे असलेल्या डाव्या टायरची फट एका जागी जवळजवळ दोन मिलिमीटर वाढत होती. तो भाग हाताला चपटा लागत नाही, पण एकदा दिसल्यावर न दिसणे शक्य नाही. मुळात पुढे असलेल्या उजव्या चाकाचा टायर बरा होता, परंतु रिमची आतली कड सुमारे तीन मिलिमीटर वाकलेली निघाली. बाहेरून ती रिम पूर्ण निर्दोष दिसते, आणि दोन्ही वेळा बॅलन्सिंग झाले तेव्हा मी बाहेरच्या खुर्चीवर बसून होतो याचे मला वाईट वाटते.

बॅलन्सिंगच्या मशीनवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगितले तेव्हा त्या कामगाराने थोड्या नाराजीने ते केले. शून्य दाखवणाऱ्या डाव्या चाकाने २५ ग्रॅम दाखवले. रिमच्या मधल्या भोकाच्या कडेला गंज होता. तो घासल्यावर आकडा दोन्ही स्थितींत सारखा येऊ लागला. तो कामगारही मग रस घेऊन उरलेली चाके तपासू लागला, आणि मागच्या एका रिममधून ओंजळभर वाळलेला चिखल निघाला.

ब्रेकच्या बाबतीत डिचोलीच्या गॅरेजवाल्यांनी लिहिले तसेच दिसले. उजव्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा काळपट डाग होता आणि हबवर गंजाची पापडी होती. हब साफ करून जुनीच डिस्क बसवली तेव्हा ब्रेकची थरथर अंदाजे निम्मी झाली. डिस्कची जाडी मर्यादेच्या वर होती, पण खड्डे खोल असल्यामुळे घासून भागणार नाही असे ठरले, म्हणून दोन्ही डिस्क आणि पॅड नवे घेतले. आता ८० वरून ब्रेक दाबला तर पेडल स्थिर राहते.

आर्म, टाय रॉड एंड आणि रॅक यांत कुठेही खेळ आढळला नाही. ते भाग आहेत तसेच ठेवले आहेत. टायर सात वर्षांचे असल्यामुळे चारही नवे घेतले, वाकलेल्या रिमच्या जागी स्टेपनीची न वापरलेली रिम लावली, आणि वाकलेली रिम सरळ करून स्टेपनीला ठेवली. टायर आणि डिस्क धरून खर्च २५ हजारांच्या आसपास गेला, म्हणजे रॅकच्या अंदाजापेक्षा जास्तच. पण गेल्या शनिवारी पत्रादेवीपर्यंत जाऊन आलो आणि ९५ च्या वेगाला आतला आरसा स्थिर होता. आईला मागच्या सीटवर झोप लागली.

दोन शंका उरल्या आहेत. एक, चढावर वेग वाढवताना ७० ते ८० मध्ये अगदी बारीक कंप हाताला लागतो. पाय काढला की तो लगेच थांबतो. दुसरी, पावसाळ्यात पंधरा दिवस गाडी उभी ठेवावी लागली तर काय काळजी घ्यावी? देव बरें करूं.

निवृत्त यंत्रशिक्षक, मडगाव

आपण एका वेळी एकच बदल करून नोंद ठेवलीत, म्हणून एवढे स्पष्ट उत्तर मिळाले. पहिल्या शंकेबद्दल: पाय दाबला की येतो आणि काढला की जातो, असा कंप चाकाचा नसतो, कारण चाक त्याच वेगाने फिरतच असते. इंजिनचा जोर चाकाकडे नेणाऱ्या एक्सलच्या आतल्या जॉइंटकडे पाहावे. त्यावरचा रबरी बूट उभ्या गाडीत कडक होऊन तडकतो, ग्रीस बाहेर पडते आणि पाणी आत जाते. बूट फाटलेला नसेल आणि आसपास ग्रीस उडालेले नसेल, तर इंजिनचे माउंटिंग (इंजिन पेलणारे रबरी आधार) तपासून घ्यावे. पूर्ण वळवलेल्या चाकावर गाडी पुढे नेताना कट-कट आवाज येत असेल तर दोष बाहेरच्या जॉइंटचा असतो. बूट नुकताच तडकलेला असेल तर फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागते. म्हणून पावसाआधी पाहून घ्यावे.

डिचोलीचा गॅरेजवाला

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो. गाडी उभी करण्याआधी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणि अधूनमधून हलका ब्रेक दाबून डिस्क कोरड्या कराव्यात. धुऊन लगेच उभी करू नये. सपाट जागी हँडब्रेक न ओढता गाडी गियरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत; हँडब्रेक ओढून ठेवला तर मागच्या ब्रेकच्या ड्रमला लायनर (आतले घासणारे अस्तर) चिकटतात. टायरमध्ये हवा पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा कमी नसावी. शक्य असल्यास आठवड्यातून एकदा घरातल्या कोणीतरी गाडी वीसेक किलोमीटर चालवून आणावी. तेवढ्या अंतरात टायर तापतो आणि डिस्कवरचा वरवरचा गंजही जातो.

आपल्या स्टेपनीबद्दल एक सांगायचे राहते. तिच्यावर आता सरळ केलेली रिम आहे, आणि टायर जुन्यांपैकीच एक असणार. तो चपटा झालेला डावा टायर नाही ना, याची खात्री करून घ्यावी. स्टेपनी लावावी लागली तर तिच्यावर ६० च्या वर जाऊ नये, आणि पंक्चर काढून त्याच दिवशी मूळ चाक परत बसवावे.